पेटीतलं स्टेशन



परवा मी एस.टी.नं तालुक्याच्या गावाला निघाले होते. मांडीवर एक लाकडी पेटी. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाले, "बाई, हार्मोनियम आहे का?"

मी म्हटलं, "नाही हो. रेल्वे स्टेशन आहे."

कंडक्टरनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग गंभीर चेहरा करून म्हणाले, "मग जरा संभाळून धरा. इंजिननं शिट्टी मारली तर आमचा ड्रायव्हर गाडी थांबवायचा!"

सगळी एस.टी. हसली. पण खोटं नव्हतं हं ते. त्या पेटीत खरोखरच एक स्टेशन आहे. रूळ आहेत, सांधे आहेत, एक इंजिन आहे, आठ डबे आहेत, आणि दोडक्याच्या जाळीची चार झाडंही आहेत. आज तुम्हांला याच पेटीची गोष्ट सांगणार आहे. आणि शेवटी अशीच एक रेल्वे तुम्हांला काडेपेट्यांची करायला लावणार आहे. तेव्हा घरातल्या सहा रिकाम्या काडेपेट्या आत्तापासूनच बाजूला काढून ठेवा.

सुरुवात झाली पुण्याला. आमच्या शाळेची सहल गेली होती. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. आख्खं गावच आहे तिथे, पूल, रस्ते, दिवे, सिग्नल आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. हे संग्रहालय उभं करण्याआधी जोशींनी हलवता येईल अशीही एक रेल्वे तयार केली होती आणि ती प्रदर्शनात मांडली होती.

आमची मुलं तिथून हलायलाच तयार नव्हती. परत येताना बसमध्ये एकानं विचारलं, "बाई, आपल्याला कधी चालवायला मिळेल?"

या प्रश्नानं माझी झोप उडवली बघा! डी.एड.ला असताना शैक्षणिक साधनं करायचा मला भारी नाद होता. पुठ्ठ्याचं घड्याळ, मण्यांची पाटी, काय काय केलं होतं. मग रेल्वे का नाही करता येणार?

मी काय केलं सांगू? जे नवशिके सगळेच करतात तेच. एकदम मोठं काम काढलं. आठ फूट बाय चार फुटांचं आख्खं प्लायवूड आणलं, दिवाणावर टाकलं आणि डोंगर, बोगदा, नदी, पूल सगळं एकदम सुरू केलं. वर्षभर खपले. वर्षानंतर ते कोणी पाहिलं? सासूबाईंनी, शेजारच्या काकूंनी आणि गॅसचा सिलिंडर द्यायला आलेल्या दादांनी. शाळेत न्यावं म्हटलं तर ते दारातून बाहेरच निघेना! ज्या मुलासाठी हा खटाटोप केला, तो तोवर सातवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेलासुद्धा.

तेव्हा मला पहिला धडा मिळाला. ज्यांना या छंदाची ओळखच नाही, ते आपल्या खोलीपर्यंत कसे येतील? आपली रेल्वेच त्यांच्यापर्यंत गेली पाहिजे. आणि जायचं तर ती लहान हवी. एका माणसाला उचलता आली पाहिजे, दारातून निघाली पाहिजे आणि टेबलावर ठेवली की पाच मिनिटांत सुरू झाली पाहिजे.

आता लहान म्हणजे किती? जरा गणित करू. आपल्या एक्सप्रेस गाडीचा नवा डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. छोट्या रेल्वेची जगभर ठरलेली मापं आहेत. एक माप आहे एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. त्या मापात हा डबा साडेसत्तावीस सेंटीमीटरचा होतो. दुसरं माप आहे एन. खऱ्याच्या १६० पट लहान. त्यात डबा होतो १५ सेंटीमीटरचा, आणि रुळांमधलं अंतर अवघं ९ मिलिमीटर. तुमच्या करंगळीच्या रुंदीएवढं म्हणा ना! तरीसुद्धा २४ डब्यांची गाडी करायची तर एन मापातही ती साडेतीन मीटरच्या वर जाते. म्हणजे पेटीत एक्सप्रेस मावायची नाही.

मग मी लहान गोल रूळ केला आणि त्यावर छोटी गाडी सोडली. शाळेच्या स्नेहसंमेलनात टेबलावर मांडली. मुलं धावत आली. "अय्या! गाडी!" गाडी गोल फिरली. परत गोल फिरली. तिसऱ्यांदा गोल फिरली. दोन मिनिटांत टेबलापाशी मी एकटी. मुलं पलीकडे भेळेच्या रांगेत!

हा दुसरा धडा. नुसतं बघण्यात दोन मिनिटांची मजा असते. पुढची मजा करण्यात असते.

पण पेटीएवढ्या जागेत करायचं काय? याचं फार छान उत्तर इंग्लंडमधल्या अॅलन राइट नावाच्या गृहस्थांनी शोधून ठेवलं होतं. इंग्लंडमध्ये छोट्या रेल्वेची प्रदर्शनं भरतात आणि हौशी लोक आपापली रेल्वे मोटारीत घालून घेऊन येतात. राइट यांनी नॉर्थंबरलंडमधल्या किल्हम नावाच्या एका लहानशा साइडिंगवरून कल्पना घेतली आणि शंटिंगचं कोडंच तयार केलं. त्याचं नाव 'इंगलनूक साइडिंग्ज'.

शंटिंग माहीत आहे ना? मालगाडीचे डबे हवे त्या क्रमानं लावण्यासाठी इंजिन त्यांना ओढतं, ढकलतं, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेऊन ठेवतं, तेच. या डब्यांना मराठीत वाघिणी म्हणतात. घाबरू नका, चावत नाहीत! वॅगनची वाघीण झाली, एवढंच. आणि एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायची जी जागा, तिला म्हणतात सांधा.

आता राइट यांचं कोडं ऐका. एक रूळ आहे. पुढे दोन सांधे आहेत, म्हणून त्याचे तीन फाटे होतात. सगळ्यांत लांब फाट्यावर पाच वाघिणी मावतात. उरलेल्या दोन फाट्यांवर तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडचा जो रूळ, ती इंजिनाची जागा. तिथे इंजिन आणि तीन वाघिणी एवढंच मावतं, त्याहून एकही जास्त नाही. वाघिणी आहेत एकूण आठ, प्रत्येकीचा नंबर वेगळा. आठ चिठ्ठ्यांमधून पाच चिठ्ठ्या उचलायच्या. ज्या क्रमानं नंबर निघतील त्याच क्रमानं पाच वाघिणींची गाडी लांब फाट्यावर उभी करायची. वाघीण हातानं उचलायची नाही. जे काय करायचं ते इंजिननं!

वाटतं सोपं. पण पहिल्या जागी आठांपैकी कोणतीही वाघीण येऊ शकते, दुसऱ्या जागी उरलेल्या सातांपैकी, मग सहा, पाच, चार. करा गुणाकार: ८ × ७ × ६ × ५ × ४. उत्तर येतं ६,७२०! रोज एक कोडं सोडवलं तरी अठरा वर्षं पुरेल. आणि एवढं सगळं एक मीटर फळीवर.

मी कामाला लागले. सहा मिलिमीटरच्या प्लायचे ५० सेंटीमीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद असे दोन तुकडे. खालून लाकडी पट्ट्या, म्हणजे फळी वाकत नाही. मध्ये बिजागरी. मिटलं की पेटी, उघडलं की एक मीटरचं स्टेशन. रूळ, दोन सांधे, इंजिन आणि वाघिणी एका ओळखीच्यांनी परदेशातून आणून दिल्या, जुन्याच, पण चांगल्या. त्यासाठी मी दिवाळीची साडी रद्द केली, हे आपलं तुमच्या-माझ्यात. माती घरचीच, चाळून डिंकावर पसरली. चहाचा चोथा वाळवला की कोळशाच्या धक्क्यावरची काळी जमीन झकास दिसते. झुडपं भांडी घासायच्या घासणीची.

आणि हो, टेबलाची उंची! मोठी माणसं आपल्या डोळ्यांच्या हिशेबानं मांडतात आणि लहान मुलांना नुसती फळीची कड दिसते. माझं स्टेशन मी वर्गातल्या बाकावरच मांडायचं ठरवलं. गाडी नेहमी तिथून दिसायला हवी, जिथून रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसते.

डिसेंबर २०२३ मध्ये तालुक्याला दोन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी पेटी घेऊन गेले. बाकावर उघडली आणि पुढे पाटी लावली, 'हात लावा'. प्रदर्शनात बाकी सगळीकडे 'हात लावू नये' होतं. झाली की झुंबड! दोन मिनिटांत नाही, दोन तासांत पोरं हलली नाहीत. एक जण चालवतोय आणि दहा जण ओरडतायत, "अरे, तीन नंबर मागं ठेव! आधी सांधा बदल!" मला आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी एक मुलगी आली. सहावीतली असेल. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची. बराच वेळ मागे उभी राहून बघत होती. नंबर आल्यावर पुढे आली, चिठ्ठ्या उचलल्या आणि एक शब्दही न बोलता भराभर वाघिणी लावू लागली. चार लागल्या. पाचवी आणायला इंजिन वळवलं, वाघीण सोडवायची काडी घ्यायला हात पुढे केला, आणि तिच्या स्वेटरची बाही इंजिनात अडकली. इंजिन फळीच्या कडेवरून थेट फरशीवर.

खट्ट!

आणि मी ओरडले. "अगं, बघून करता येत नाही का? किती महाग असतं ते!"

तिनं चालवायचा डबा हळूच बाकावर ठेवला आणि निघून गेली. मी इंजिन उचललं. पुढचं हूक तुटलं होतं, एक चाक बाहेर आलं होतं. मान वर करून बघते तर रांगेतली सगळी मुलं एकेक पाऊल मागे सरकलेली. पाटी तशीच होती, 'हात लावा'. पण आता कोणी हात लावेना.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चाक बसवलं, पण हूक काही बसेना. आणि मनात एकच. नवीन कोणी तरी या छंदात यावं म्हणून मी वर्षभर धडपडले, आणि जी आली तिला मीच घालवलं. चूक कोणाची होती? मुलं येणार, हात लावणार, कधी तरी धक्का लागणार, हे मला माहीत नव्हतं का? मग फळीच्या कडेला साधी पट्टी का नाही लावली मी? माळा-फुलदाण्या ठेवायच्या फळीलासुद्धा कड असते!

रात्री अकरा वाजता बुटांचं खोकं कापलं आणि पाच सेंटीमीटर उंचीची पट्टी चारी बाजूंनी चिकटवली. मग आणखी एक सुचलं. ज्यांना इंजिनाची भीती वाटेल त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर रूळ काढले आणि काडेपेट्यांच्या वाघिणी केल्या. पडल्या तर पडल्या!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती आली. लांबच थांबली. मग विचारलं, "बाई, इंजिन चालतंय का?"

"चालतंय की. पुढचं हूक तेवढं गेलंय. मागच्यानं ओढतंय." मग धीर करून म्हणाले, "काल मी तुझ्यावर ओरडले. माझं चुकलं."

ती काही बोलली नाही. फळीकडे बघत होती. मग म्हणाली, "ही पट्टी काल का नव्हती?"

काय उत्तर देणार? "नव्हती सुचली," मी म्हटलं.

ती मान हलवून काडेपेट्यांकडे गेली. तिथे बसली ती बसलीच. थोड्या वेळानं बघते तर चार छोटी मुलं भोवती आणि ही त्यांना शिकवतेय, "आधी रिकामा रूळ कुठला ते बघायचं. रिकामा रूळ म्हणजे आपला खिसा." मित्रांनो, शंटिंगचं एवढं सोपं वर्णन मला वर्षभरात जमलं नव्हतं. संध्याकाळी प्रदर्शन उठायच्या वेळी मी चालवायचा डबा तिच्यापुढे धरला. या खेपेला तिनं आधी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, आणि मग घेतला.

तिची पाचवी वाघीण जागेवर लागली. टाळ्या वाजल्या. नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

आता कोणी म्हणेल, बाई, लहान ते लहानच राहणार का? मुळीच नाही. लहान तुकडे जोडून लांब करता येतात. अमेरिकेत १९७३ मध्ये हौशी लोकांनी 'एनट्रॅक' नावाची पद्धत काढली. प्रत्येकानं ठरलेल्या मापाची फळी आपापल्या घरी करायची. रूळ कडेपासून किती अंतरावर असणार हे आधीच ठरलेलं. एकत्र जमलं की फळी फळीला जोडायची आणि एकाची गाडी सगळ्यांच्या गावांतून धावणार! पुढे २००० च्या सुमारास 'टी-ट्रॅक' निघालं. त्याचा तुकडा आणखी लहान, जेमतेम ३१ सेंटीमीटरचा, नुसता टेबलावर ठेवायचा. तुमच्या वर्गात ४० मुलं आहेत? प्रत्येकानं एकेक तुकडा केला तर १२ मीटरपेक्षा लांब रेल्वे होते, आणि रोज घरी नेताना प्रत्येकाच्या दप्तरात एकच गाव!

पण सुरुवात करू या बिनखर्चाची. चला, काडेपेट्या आणा.

साहित्य: सहा रिकाम्या काडेपेट्या, ६० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद पुठ्ठा, पट्टी, स्केचपेन.

कृती: पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूला एक सरळ रूळ काढा, तीन काडेपेट्या मावतील एवढाच. ही इंजिनाची जागा. पुढे त्याला हाताच्या बोटांसारखे तीन फाटे काढा. त्यांना क, ख, ग अशी नावं द्या. 'क'वर तीन काडेपेट्या मावल्या पाहिजेत, 'ख' आणि 'ग'वर दोन-दोन. टोकाला आडवी जाड रेघ मारा, तिच्यापुढे जायचं नाही. एका काडेपेटीवर 'इंजिन' लिहा, बाकीच्या पाचांवर १ ते ५.

नियम: वाघीण एकटी हलत नाही, इंजिनला लागली तरच हलते. इंजिन एका वेळी दोनच वाघिणी ओढतं. मधली वाघीण उडी मारून बाहेर काढायची नाही. इथे हूक नाही, म्हणून प्रामाणिकपणा हेच हूक!

सुरुवातीला 'क'वर इंजिनाच्या बाजूनं १, २, ३ ठेवा. 'ख'वर ४, ५. 'ग' रिकामा. समजा, आपल्याला 'क'वर २, १, ३ असा क्रम हवाय. काय करू? इंजिननं १ आणि २ ओढून घेतल्या. 'ग'वर जाऊन टोकाची २ तिथे सोडली. मग १ घेऊन 'क'वर आलो, ती ३ च्या पुढे ठेवली. पुन्हा 'ग'वर जाऊन २ आणली आणि १ च्या पुढे लावली. झालं की नाही २, १, ३? 'ग' हा आपला खिसा होता.

आता तुमचं कोडं. तीच सुरुवात, १, २, ३. पण शेवटी 'क'वर इंजिनाच्या बाजूनं ३, २, १ असा अगदी उलटा क्रम पाहिजे. होतं, नक्की होतं. मी करून बघितलंय. ४ आणि ५ ला हातसुद्धा लावावा लागत नाही. जमलं की पाचांतल्या कुठल्याही तीन चिठ्ठ्या उचला आणि खेळत राहा. असे किती क्रम होतील? तो गुणाकार तुम्हीच करा. वरचा आठाचा केलाय ना आपण, तसाच.

आणि एक काम माझ्यासाठी करा. तुम्हांला जमलं की पुठ्ठा घेऊन अशा कोणाकडे तरी जा, जो कधी खेळात पुढे येत नाही, मागेच उभा असतो. नुसतं दाखवू नका. इंजिन त्याच्या हातात द्या. चुकला तर चुकू द्या. पडलं तर पडू द्या. ओरडू मात्र नका. ओरडून काय होतं ते मी एकदा बघितलंय.

माझं इंजिन अजून मागच्या हुकानंच ओढतं. दुसऱ्या सांध्यावर जरा लंगडतं. मुलं विचारतात, "बाई, याला काय झालं?" मग मी त्यांना आधी कडेची पट्टी दाखवते आणि मग ही गोष्ट सांगते.

कोड्याचं उत्तर पुढच्या अंकात. तोवर काडेपेट्या गोळा करा, पण काड्या आईला परत द्या बरं!

तुमच्या,
बाई